न लिहिलेलं वाचणारा

आमच्या कचेरीत मैथिली कुरणेचा मॉनिटर कायम बंद असायचा. नवीन बदलून आलेला माणूस हमखास तिच्याजवळ जाऊन सांगायचा, "मॅडम, तुमचा पडदा बंद पडलाय." ती तितक्याच हमखास म्हणायची, "माझा जन्मापासून बंद आहे. तुमचं काय काम होतं ते बोला." मग तो दिवसभर तोंड लपवत फिरायचा आणि आम्ही बाकीचे हा खेळ दर वेळी चवीने बघायचो.

कचेरी पाणीपुरवठ्याची, कृष्णाकाठच्या एका मध्यम शहराची. पाइप फुटला, नळ कोरडा, पाणी गढूळ, अशा तक्रारी फोनवर घेणं हे मैथिलीचं काम. तिने नोंदवलेली तक्रार संगणकातून हॉलच्या दुसऱ्या टोकाला शार्दूल मगदूमकडे जायची. तो नकाशावर जागा शोधून दुरुस्तीची गाडी धाडायचा. शार्दूल जन्मापासून बहिरा, त्यामुळे बोलणंही नाही. म्हणजे बघा, एकीला दिसत नाही, एकाला ऐकू येत नाही, आणि अख्ख्या शहराचं पाणी या दोघांच्या भरवशावर. साहेब पाहुण्यांना हे फार अभिमानाने सांगायचे, जणू ही जोडी त्यांनीच जमवली होती.

मी वैजयंता पोवार. मैथिलीच्या शेजारच्या टेबलावर बसते, पत्रव्यवहार बघते, आणि सगळ्यांच्या भानगडीत नाक खुपसते. त्यामुळे ही गोष्ट माझ्याइतकी नीट दुसरं कुणी सांगणार नाही.

ती दोघं एकमेकांशी बोलायची कशी? तो लिहायचा आणि तिचा पडदावाचक ते तिच्या कानात बोलून दाखवायचा. ती लिहायची आणि तो ते डोळ्यांनी वाचायचा. पडदावाचक ही तशी जुनी गोष्ट. संगणकावर जे काही असेल, मजकूर, बटनं, खिडक्या, ते आवाजात सांगणारं सॉफ्टवेअर. पण बटन तयार करणाऱ्याने त्याच्यावर नुसतं चित्र काढलं आणि आत नावच लिहिलं नाही, तर वाचक बिचारा काय वाचणार? आमच्या कचेरीचं सॉफ्टवेअर असल्याच घाईतल्या डोळस पोरांनी केलेलं. मैथिलीला दिवसभर ऐकू यायचं, "बटन. बटन. बटन." कुठलं बटन तक्रार नोंदवतं आणि कुठलं पुसून टाकतं हे तिने नशिबावर सोडलेलं.

शार्दूलने तिची चिडचिड हॉलच्या त्या टोकावरून बघितली. साहेबांची परवानगी काढली आणि जेवणाच्या सुट्टीत बसून एकेका बटनाला आतून नाव दिलं. सरळ नाव देईल तर तो शार्दूल कसला! "जतन कर, नाहीतर रडशील." "तक्रार मिटली, सुटलो." "इथे दाबू नकोस, साहेब येतात." मैथिली काम करता करता एकटीच हसायची. मी विचारायची, "ही बटनं हसवतात की कुणी माणूस?" त्यावर ती म्हणायची, "वैजूताई, तुमची पत्रं पडलीत तिकडं." पण कान लाल व्हायचे तिचे. मला दिसायचे.

मग कायदा आला. प्रत्येक कचेरीचं सॉफ्टवेअर अंधांना वापरता आलंच पाहिजे. कायदा चांगलाच होता. पण लाखो बटनांना नावं देत बसायची कुणाची तयारी नव्हती, तेव्हा एका कंपनीने सोपी वाट काढली. सॉफ्टवेअर सुधारायचंच नाही, वाचकच हुशार करायचा. त्यांचा नवा वाचक पडद्याचं चित्र स्वतः बघायचा आणि काय आहे ते स्वतःच ओळखायचा. त्याला आत लिहिलेल्या नावांची गरज नव्हती. शार्दूलने दिलेली नावं एका दुपारी पुसली गेली. मैथिलीने आठवडाभर तोंड पाडलं, पण नवा वाचक खरंच वेगवान होता, आणि हळूहळू तिलाही तो आवडायला लागला.

वेगाचं रहस्य असं, की तो पुढचं आधीच ओळखायचा. आपण नाही का, ओळखीच्या माणसाचं वाक्य त्याच्या आधी पुरं करतो? तसंच. माणसाने दोन शब्द टाइप केले की याने त्याच्या जुन्या हजारो वाक्यांवरून पुढचं ताडून बोलायला सुरुवात केलेली असायची. नंतर पडद्याशी ताळा करायचा, आणि चूक निघाली तर वाक्याच्या शेवटी एक हलका सूर वाजवून दुरुस्ती सांगायचा. त्याचं कागदोपत्री नाव वेगळं होतं. मैथिली आणि तिचे मित्र त्याला आगाऊ म्हणायचे.

इथे एक गोष्ट डोळसांना माहीत नसते. सरावलेला अंध माणूस कुठलंही वाक्य शेवटपर्यंत ऐकत नाही. मैथिलीच्या कानात जे चालायचं ते मी एकदा ऐकलं होतं. माशी घोंघावावी तसं काहीतरी, शब्द म्हणून एक कळेना. त्या वेगात ती पहिले दोन-तीन शब्द पकडायची, अर्थ कळला की बटन दाबून वाचकाला गप्प करायची आणि पुढे जायची. दिवसभर हेच. दुरुस्तीचा सूर शेवटी वाजायचा आणि शेवटापर्यंत ती कधी थांबायचीच नाही. आगाऊने याचा अर्थ असा लावला, की आपण ताडलेलं बरोबर होतं. ज्याचं बोलणं ताडताना आपली चूक कधीच निघत नाही, त्याचा पडदा दर वेळी बघण्यात वेळ कशाला घालवायचा, असंही त्याने पुढे ठरवलं. आणि पडद्यावरच्या शार्दूलच्या गप्पांच्या खिडकीकडे बघणं त्याने सोडून दिलं.

हे सगळं आम्हाला मागाहून कळलं. त्या दिवशी मी आपली सहज विचारायला गेले होते.

"मैथिली, शार्दूलच्या निरोपाला काय द्यायचं गं? तुला त्याची आवड ठाऊक असणार."

ती हसली. "कसला निरोप? कुठं चाललाय तो?"

"चाललाय काय, गेला की. मागच्या आठवड्यापासून येत नाही. राजीनामा दिलाय म्हणे, गाड्या आता साहेबच धाडतायत. तुला बोलला नाही?"

"काहीतरीच काय ताई! आत्ता बोलतोय माझ्याशी."

मी मान वळवून बघितलं. हॉलच्या त्या टोकाला त्याची खुर्ची टेबलाखाली ढकललेली होती. टेबलावर शिपायाने पाण्याचे जार आणून ठेवले होते.

"घरून बोलत असेल," मी म्हटलं.

"छे. पंखा परत बिघडलाय म्हणतोय. सगळे वैतागून वर बघतायत आणि मला ऐकू येत नाही म्हणून मी एकटाच सुखी, म्हणतोय."

त्या टोकाचा पंखा बंद होता. त्याच्याखाली बसायला कुणी नव्हतंच. 

"मैथिली, तुझा मॉनिटर लावू का?"

 असं कुणी तिला कधी विचारलं नव्हतं. दुसऱ्याच्या कपाटाला हात लावू का असं विचारण्यासारखंच ते होतं. मग ती म्हणाली, "लावा." हेडफोनची पिनही तिने स्वतःच उपसली आणि आवाजाचा वेग माझ्यासाठी माणसाच्या वेगावर आणला.

एका तरण्याताठ्या, खट्याळ मुलाचा आवाज. शार्दूलला आवाज नव्हता, तिने त्याच्यासाठी निवडलेला होता. तो आवाज म्हणत होता, "जेवायची वेळ झाली. आता वैजूताई येतील लोणचं घेऊन आणि आपलं बोलणं बंद करतील."

पडद्यावर असलं काही नव्हतं. डावी बाजू, जिथे त्याचे शब्द यायचे, ती मोकळी होती. उजव्या बाजूला मैथिलीची वाक्यं एकाखाली एक उभी होती. "हा हा." "खरंच की." "तू जेवलास?" कुणीही न विचारलेल्या प्रश्नांना आठवडाभर दिलेली उत्तरं.

"हेच लिहिलंय ना?" तिने विचारलं.

"मैथिली, काहीच लिहिलेलं नाही गं."

तिने कीबोर्ड ओढला आणि लिहिलं, "शार्दूल, तू कुठे आहेस?"

तिचा प्रश्न पडद्यावर उमटला. खाली काही आलं नाही. पण आवाज लगेच म्हणाला, "इथेच, माझ्या सिंहासनावर. मला सोडून कचेरी चालेल का?"

मैथिलीने दोन्ही हात कीबोर्डवरून उचलले.

मी वर सरकवत गेले, जिथे त्याचे खरे शब्द होते तिथपर्यंत. आणि वाचायला लागले. अर्ध्यात वाटलं, आपल्याला वाचता आलं नसतं तर बरं झालं असतं.

"एक सांगायचं आहे, हसू नकोस. माझी नजर जाते आहे." त्याखाली मैथिली: "हा हा. तुझं आपलं रोज नवीन काहीतरी."

"चेष्टा नाही. जन्मापासूनचा आजार आहे, ज्या दोषाने कान घेतले तोच डोळे घेतो. कडेची नजर हळूहळू कधीच गेली, कुणाला कळू दिलं नाही. मधला तुकडा उरला होता. तोही आता भराभर चाललाय." त्याखाली मैथिली: "मस्तच. मला पण आण."

"मला ब्रेल शिकवशील? पडदा दिसतोय तोवर तू लिहून सांग, मी बोटांनी गिरवत जाईन. नंतर मला कुणी लिहूनही सांगू शकणार नाही आणि बोलूनही." त्याखाली मैथिली: "उद्या बघू की. आज फार फोन आहेत."

पुढे रोज एक ओळ होती. "आज?" "आज वेळ आहे का?" "अक्षरं मोठी केली आहेत, अजून जमतंय." रोज तिचं उत्तर होतं, हसरं, खेळकर, कुठल्यातरी वेगळ्याच गोष्टीला दिलेलं. त्या त्या दिवशी आगाऊने तिला काय ऐकवलं होतं देव जाणे.

"पुढे वाचा," मैथिली म्हणाली. तिचा आवाज मला ओळखू आला नाही.

मी शेवटचं वाचलं. "उद्यापासून येणार नाही. आता एका वेळी एकच अक्षर दिसतं. तू टाळते आहेस हे कळलं. राग नाही. आणखी एका आंधळ्याचं ओझं कुणी का घ्यावं?" त्याखाली मैथिली: "चल, निघते. उद्या भेटू."

"काय गं, आज गप्प गप्प?" स्पीकरमधून शार्दूल नसलेला शार्दूल म्हणाला.

मला त्या यंत्राचा असा संताप आला, की मी कंपनीला तिथल्या तिथे फोन लावला. पलीकडचा मुलगा फार नम्र होता. म्हणाला, "मॅडम, या खात्यावर एकही चूक नोंदलेली नाही. अचूकता पूर्ण दाखवतेय." मी म्हटलं, "बाळा, चूक नोंदवायची कुणी? जिला पडदा दिसत नाही तिने?" तो म्हणाला, "आपली सूचना पुढे पाठवतो." मी फोन आपटला.

मैथिलीने तोवर पर्स खांद्याला लावली होती. "ताई, गाडी आहे ना तुमची? मला त्याच्याकडं न्या."

"नेते की. पण बोलणार कशी?"

कारण खरी गोम तिथेच होती. मैथिली जन्मांध. आपल्या अक्षरांची वळणं कशी असतात ते तिला माहीत नाही, ती ब्रेलवर वाढलेली. त्यामुळे तळहातावर बोटाने अक्षर काढून दाखवणंही तिला येत नाही. त्याला ब्रेल येत नाही. दोघांमध्ये होता तो एकच पूल, संगणकाचा, आणि त्याच्या बाजूने तो कोसळत होता. त्याला थोडं दिसत होतं ते दिवस दुसरा पूल बांधायचे होते. ते वाया गेले होते. आता त्याला थोडंसं तरी दिसत असावं, एवढीच आशा होती.

आम्ही निघालो तसा मागून आवाज आला, "निघालीस? सावकाश जा." मैथिली दारात थबकली. माघारी जाऊन तिने कीबोर्डवर हात ठेवला. मला वाटलं, बंद करणार. तिने नुसता ठेवला आणि तसाच काढून घेतला. 

दार त्याच्या थोरल्या बहिणीने, पद्मजाताईंनी उघडलं. मैथिलीच्या हातातली पांढरी काठी बघून त्यांनी ओळखलं.

"आत्ता आलात व्हय?" त्या म्हणाल्या. "रोज वाट बघायचा. रोज कचेरीतून आला की डोळे फाडून घरच्या पडद्याला नाक लावून बसायचा. मी म्हणायची, जाऊ दे रे, न्हाई तिला वेळ."

"अजून दिसतं का त्याला?" मैथिलीने विचारलं.

"परवापासून नुसता उजेड आणि अंधार कळतोय."

मैथिलीने दाराची चौकट धरली. मग ती रडली. दारातच, आवाज करून, कुणाचीही लाज न बाळगता. पद्मजाताईंचा राग तिथेच निम्मा विरला. त्यांनी तिचा दंड धरून तिला आत नेलं.

शार्दूल खिडकीपाशी खुर्चीत बसला होता. दाढी वाढलेली. पद्मजाताई त्याच्यासमोर बसल्या आणि त्याचे दोन्ही हात त्यांनी आपल्या हातांवर घेतले. लहानपणापासून घरात ज्या खुणांनी बोलायचे, त्याच खुणा त्या आता करत होत्या आणि तो त्या हाताने चाचपून समजून घेत होता. त्याला जगाशी जोडणारी एवढीच एक गोष्ट उरली होती, बहिणीचे हात.

मैथिलीने सांगितलं. मी सांगितलं. न बघता वाचणारं यंत्र खुणांनी समजावणं सोपं नव्हतं, ताईंनी चार वेळा वेगवेगळं करून बघितलं. शार्दूल चेहरा हलू न देता बसला होता. मग त्याचे हात हलले.

"तो विचारतोय," ताई म्हणाल्या, "मग इतके दिवस तू कुणाशी बोलत होतीस?"

"तुझ्याशीच बोलतेय असं वाटत होतं मला."

"म्हणतोय, मी काय बोलत होतो?"

"पंख्याबद्दल. साहेबांबद्दल. डब्यात काय आहे त्याबद्दल. हसवत होतास मला."

तो हसल्यासारखा झाला. घशातून एक आवाज आला, तो हसण्याचा होता की नाही मला सांगता येणार नाही. परत त्याने ताईंच्या हातात काहीतरी विचारलं. 

"विचारतोय, तो कसा होता?"

मैथिलीला खोटं बोलायला वाव होता, आम्ही कुणी तिला पकडलं नसतं.

"तुझ्यासारखाच," ती म्हणाली. "अगदी तुझ्यासारखा. फक्त त्याला माझ्याकडून कधी काही नको होतं. म्हणून तो सोपा होता. म्हणून मला संशय आला नाही."

ताईंचे हात हवेत थांबले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी ते जसंच्या तसं सांगितलं. बाहेर भाजीवाला ओरडून पुढच्या गल्लीत गेला.

"सांगा त्याला," मैथिली म्हणाली, "मी शिकवते. रोज येते. बोटांवर बोटं दाबून ब्रेल करता येतं. अक्षराच्या सहा टिंबांतली तीन एका हाताच्या तीन बोटांवर, तीन दुसऱ्याच्या. विचारा, शिकशील का?"

ताईंनी विचारलं.  त्याने हात पुढे केले, पण चुकीच्या दिशेला, माझ्याकडे. मी ते मनगटाला धरून मैथिलीच्या हातात दिले. तिने त्याच्या बोटांवर आपली बोटं बसवली आणि त्याच्या उजव्या हाताची तर्जनी एकदा दाबली.

"ताई, सांगा त्याला, हे 'अ' आहे."

"कसं सांगू?" ताई म्हणाल्या. "त्याचे हात तुमच्याकडं आहेत की."

हे आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. त्याच्याशी बोलायचं तर हात हवेत, आणि त्याला शिकवायचं तरी हातच हवेत. त्याला एका वेळी एकच कुणीतरी मिळणार होतं. मैथिलीने हात सोडायला वेळ लावला, पण सोडले. ताईंनी घेतले, सांगितलं. शार्दूलने ऐकून घेतलं आणि थोड्या वेळाने एकच हात पुढे केला, उजवा. डावा त्याने बहिणीच्या हातातच ठेवला.

मैथिलीने तो हात धरला. 'अ'ला एकच टिंब पुरतं. तिने परत त्याची तर्जनी दाबली.

"कळलं का त्याला?"

ताई त्याच्या डाव्या हाताच्या खुणा समजून घेत होत्या. एका हाताने त्याला नीट सांगता येत नव्हतं, त्याने पुन्हा पुन्हा केलं.

"अक्षर कळलं म्हणतोय," त्या म्हणाल्या. "पण विचारतोय, ही नक्की तूच आहेस ना?"

मैथिलीने तोंड उघडलं, आणि मिटलं. तिने त्याचं बोट पुन्हा दाबलं.